गोड-आंबट ग्लेझ लावलेला मासा: बुधवारच्या रात्री, तासाभरात, न करपवता

कांदिवली स्लो यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या घरी मासे बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी होतात. रविवारी हाताशी वेळ असल्याने कालवण, तळलेल्या तुकड्या आणि सोलकढी असा सगळा बेत जमतो. बुधवारी आणि शुक्रवारी मात्र मी सव्वासातला घरात पाऊल ठेवते आणि साडेआठच्या आत पाने मांडावी लागतात, कारण सहा वर्षांचा धाकटा त्यानंतर घास तोंडात धरून डुलक्या घेऊ लागतो. मागच्या महिन्यात मोठ्या मुलीच्या वाढदिवसाला आम्ही एका हॉटेलात गेलो होतो. तिथे माशाच्या जाड तुकडीवर तांबूस, चकाकणारा, गोड आणि आंबट चवीचा लेप होता, ज्याला ते ग्लेझ म्हणत होते. एरवी माशाला नाक मुरडणाऱ्या मुलीने तो इतक्या आवडीने खाल्ला की हा पदार्थ घरी, तोही कामाच्या दिवशी, जमवायचाच असे मी ठरवून टाकले.

तीन वेळा केला आणि तिन्ही वेळा फसला. पहिल्या खेपेस मध, सोया सॉस, लिंबू आणि लसूण एकत्र करून त्यात रावसाच्या तुकड्या अर्धा तास ठेवल्या आणि तापलेल्या तव्यावर टाकल्या. दोन मिनिटांत बाहेरून कोळसा झाला, आतून मासा कच्चाच राहिला आणि धूर इतका झाला की शेजारच्या काकूंनी दार वाजवले. दुसऱ्या खेपेस धडा घेऊन आच मंद ठेवली, तर माशाला पाणी सुटले, तुकड्या त्यातच उकडल्या गेल्या आणि उलटताना मोडल्या. चकाकी तर कुठेच नव्हती. तिसऱ्या खेपेस मधाऐवजी साखर आणि लिंबाऐवजी चिंचेचा कोळ घेतला, आणि चव मुरावी म्हणून तुकड्या सकाळी निघतानाच त्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवल्या. संध्याकाळी पाहते तो मासा पांढराफटक पडलेला होता आणि शिजवल्यावर खडूसारखा कोरडा, भुसभुशीत लागला.

कृपया हे सांगावे की यासाठी कोणता मासा घ्यावा, ज्यात मुलांना काटे लागणार नाहीत, आणि लेप नेमका केव्हा लावावा. आंबटपणासाठी लिंबू, चिंच, आगळ यांपैकी काय योग्य, हाही प्रश्न आहे. शिवाय घरात सासूबाई आहेत. त्यांचे माहेर मालवणचे, त्यांना मधुमेह आहे आणि माशात गोड पडले की तो मासा राहत नाही असे त्यांचे ठाम मत आहे. त्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक करण्याइतका वेळ माझ्याकडे नसतो.

निवांत स्वयंपाकी यांचे उत्तर

ताई, तुमचे तिन्ही प्रयत्न नीट वाचले. त्यांतल्या पहिल्या दोहोंत फसण्याचे कारण एकच आहे: तुम्ही मासा आणि पाक एकाच वेळी, एकाच भांड्यात शिजवायला घेता, आणि त्या दोघांना लागणारी आच व वेळ यांचा काही मेळ नसतो. दोन सेंटिमीटर जाडीची रावसाची तुकडी तव्यावर आतपर्यंत शिजायला सहा-सात मिनिटे लागतात. साखर साधारण १६० अंश सेल्सिअसच्या पुढे तांबूस होऊ लागते आणि लवकरच कडू होते. मधात फळसाखरेचा वाटा मोठा असतो आणि ती त्याहून बऱ्याच कमी तापमानाला, ११० अंशांच्या आसपासच, रंग धरू लागते. धूर निघेपर्यंत तापलेला तवा २०० अंशांच्या वर सहज जातो. तेव्हा मधात भिजलेली तुकडी अशा तव्यावर टाकली की मासा शिजायला सुरुवात होण्याआधीच मध जळून जाणार, हे ठरलेलेच आहे. आच कमी केली की उलट घडते, म्हणजे माशातून निघणारे पाणी उडून जाण्याइतकी उष्णताच तव्यात नसते आणि तुकडी स्वतःच्याच पाण्यात उकडते.

म्हणून मासा वेगळा भाजावा, पाक वेगळा आटवावा आणि दोघांची गाठ शेवटच्या एका मिनिटात घालून द्यावी. वाचताना काम दुप्पट वाटेल, पण पाक शेजारच्या शेगडीवर आपापला आटत असतो आणि त्याच्याकडे लक्ष द्यावे लागते ते फक्त शेवटी.

अर्धा किलो माशाच्या चार जाड तुकड्या आहेत असे धरतो. घरी आल्याबरोबर, कपडे बदलण्याच्याही आधी, त्यांना अर्धा चमचा मीठ आणि पाव चमचा हळद चोळून ठेवावी. दहा मिनिटांत मिठाने वरचे पाणी सुटते. ते पाणी फेकून द्यावे आणि प्रत्येक तुकडी स्वच्छ सुती कापडाने किंवा कागदी रुमालाने सर्व बाजूंनी टिपून घ्यावी. ही टिपण्याची पायरी आपल्याकडे सर्रास गाळली जाते, आणि दुसऱ्या खेपेस तुमच्या तुकड्या उकडल्या त्याचे निम्मे कारण मला तिथेच दिसते. टिपून झाल्यावर तांदळाचे पीठ चाळणीतून अगदी पातळ भुरभुरावे. तळलेल्या तुकडीसाठी आपण रवा लावतो, पण इथे रवा घेऊ नये. तो पाक पिऊन फुगतो आणि लगदा होतो. बारीक पिठाचा थर मात्र पाकाला धरून ठेवतो, नाहीतर गुळगुळीत माशावरून पाक ओघळून ताटात जमा होतो.

आता पाक. स्टीलच्या लहान भांड्यात तीन मोठे चमचे चिरलेला गूळ, म्हणजे सुमारे ४५ ग्रॅम, अर्धी वाटी पाणी, ठेचलेल्या चार लसूणपाकळ्या, एक लहान चमचा किसलेले आले, अर्धा चमचा काश्मिरी तिखट आणि दोन मोठे चमचे कोकमाचे आगळ घालून मध्यम आचेवर ठेवावे. आगळात मीठ भरपूर असते, म्हणून वेगळे मीठ घालू नये. सोया सॉस घालायचा मोह झाला तर एका लहान चमच्याच्या पुढे जाऊ नये, नाहीतर सगळे खारट होईल. गुळात बहुधा कचरा निघतो, त्यामुळे तो विरघळला की मिश्रण एकदा गाळून घेतलेले बरे. सहा-सात मिनिटांत ते निम्म्यावर येते. त्यात चमचा बुडवून उचलावा आणि त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढावी; रेघ मिटून गेली नाही तर पाक झाला. लाडू-चिक्की करणाऱ्यांचा हात इथे उगाच पुढे जातो, म्हणून सांगतो की एकतारीच्याही अलीकडे थांबायचे आहे, कारण गार होताना तो आणखी घट्ट होतो. आच बंद केल्यावर लहान चमचाभर लोणी किंवा तेल घालून ढवळले की हॉटेलात दिसते तशी चकाकी येते. हॉटेलवाल्यांचे गुपित बहुतेक वेळा एवढेच असते.

मासा भाजताना तवा आधी नीट तापवावा, दोन चमचे तेल घालावे आणि तुकडी ठेवली की चार मिनिटे तिला हात लावू नये. खालून कवच धरले की ती आपणहून सुटते. सुटत नसेल तर ती अजून तयार नाही असे समजावे. उलटून आणखी तीन मिनिटे भाजावी, मग आच अगदी बारीक करून वरून पाक ओतावा आणि चमच्याने तोच पाक तुकड्यांवर पुन्हापुन्हा घालत राहावे. एका मिनिटात तो माशाला चिकटतो. जपानी तेरियाकीतही, जिच्या नावातल्या ‘तेरी’ या शब्दाचा अर्थच चकाकी आहे, सॉस शेवटाकडे आणि थराथराने लावला जातो.

आंबटपणाच्या निवडीबद्दल माझे मत आगळाच्या बाजूने आहे. लिंबाचा सुवास उकळताना उडून जातो आणि व्हिनेगरचा आंबटपणाही वाफेबरोबर कमी होतो, त्यामुळे ही दोन्ही आच बंद केल्यावरच घालावी लागतात. आगळ आणि चिंच मात्र उकळीत टिकतात. शिवाय पाकात सुरुवातीपासून थोडे आंबट असले की साखरेचे खडे परत बांधले जात नाहीत. गुलाबजामाच्या पाकात आपण लिंबाचे थेंब टाकतो ते याचसाठी. काकवी मिळाली तर गुळाऐवजी तीच घ्यावी, पाणी थोडे कमी करावे आणि गाळण्याचे कामही वाचवावे.

खारफुटी यांचे उत्तर

वरच्या उत्तरात पाकाबद्दल सगळे आले आहे, त्यामुळे मी फक्त माशाबद्दल लिहिते. माझे माहेर कोळीवाड्यातले आहे आणि आमच्या घरातल्या तीन पिढ्यांनी मासे विकले आहेत.

तुमच्या कामाला रावसच योग्य आहे, पण तो कुठल्या भागाचा घेता यावर सगळे अवलंबून आहे. शेपटीकडच्या तुकड्या पातळ असतात आणि त्या तव्यावर केव्हा कोरड्या पडल्या ते कळतही नाही. कोळणीला सांगावे की मोठ्या रावसाचा मधला भाग हवा आहे, मधला काटा काढून दे, कातडी मात्र राहू दे आणि तुकडी दोन बोटे जाड कर. कातडी ठेवली तर तुकडी उलटताना मोडत नाही. घरी आल्यावर मांसावरून बोट उलटसुलट फिरवावे, म्हणजे राहिलेले बारीक काटे टोचून सापडतात आणि चिमट्याने ओढून काढता येतात. मुलांच्या पानात वाढायचे असेल तर हे दोन मिनिटांचे काम टाळू नये.

रावस महाग वाटला तर सुरमई चालेल. तिचा काटा मध्ये एकच मोठा असल्याने अकरा-बारा वर्षांच्या मुलीला अडचण येणार नाही. धाकट्याला तुम्ही सोडवून द्या. सुपरमार्केटमध्ये मिळणारा गोठवलेला बासा मी सुचवणार नाही. त्याला काटा नसतो हे खरे, पण त्यात पाणी फार असते आणि तव्यावर तो विरघळल्यासारखा होतो. पापलेटला हा पाक लावणे मला पटत नाही. त्याची चव मुळात नाजूक, ती गुळात बुडवायची तर तेवढे पैसे मोजायचे कशाला? बांगडा मात्र, घरात काटे सोडवून खाणारी मोठी माणसेच असतील तर, या आंबट-गोड पाकात रावसापेक्षाही चांगला लागतो, कारण त्याच्या तेलकट, ठसठशीत चवीला आंबट मानवते. बांगडा आणि सुरमई हे दोन्ही मासे आणल्याबरोबर फ्रीजमध्ये गेले पाहिजेत. उघड्यावर तासन् तास राहिले तर त्यांच्यात तयार होणारा हिस्टामिन शिजवूनही जात नाही आणि अंगावर पित्त उठते.

ताजेपणाची खूण तुम्हाला ठाऊक असेलच: कल्ला उघडून लाल आहे का पाहावे आणि अंगावर बोट दाबावे, खळगा तसाच राहिला तर पुढच्या पाटीकडे वळावे. १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्रात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत मोठा रावस मिळाला तरी तो बहुधा बर्फातला असतो. तेव्हा गोठवलेल्या तुकड्याच घ्याव्यात, आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवाव्यात आणि नेहमीपेक्षा जास्त टिपून घ्याव्यात.

मापात पाप नाही यांचे उत्तर

निवांत स्वयंपाकी यांच्या पद्धतीशी मी बहुतांशी सहमत आहे, पण दोन गोष्टी राहून गेल्या आहेत आणि एका बाबतीत माझे मत वेगळे आहे.

पहिली गोष्ट तिसऱ्या प्रयत्नाची. आंबट पदार्थ माशातल्या प्रथिनांवर जवळजवळ आचेसारखाच परिणाम करतो. पेरू देशातल्या सेविचे या पदार्थात कच्चा मासा लिंबाच्या रसानेच पांढरा आणि घट्ट होतो. तुमचा मासा दहा तास चिंचेत राहिला, म्हणजे तव्यावर जाण्यापूर्वीच तो एकदा ‘शिजला’ होता आणि तुम्ही त्याला दुसऱ्यांदा शिजवले. मटणाला मुरवण्याची जी सवय आपल्या हाताला असते ती माशाला लागू पडत नाही. आंबट लावायचेच असेल तर पंधरा मिनिटे पुरे आहेत. तेवढ्याने माशाचा वासही दबतो, कारण त्या वासाला कारण असलेली अमाइन द्रव्ये आम्लाशी बांधली जातात आणि हवेत उडत नाहीत. अननसाचा रस घालून पाहण्याचा विचार मनात आला असेल तर तो आधी खळखळून उकळावा, कारण ताज्या अननसातले ब्रोमेलिन हे द्रव्य माशाचे तंतू अक्षरशः पचवते. उकळल्यावर ते निकामी होते.

दुसरी गोष्ट भांड्याची. पुष्कळ घरांत मासे बिडाच्या तव्यावर होतात आणि भाजण्यासाठी त्याच्यासारखा तवा नाही, हे मलाही मान्य आहे. पण त्या तव्यावर आगळाचा किंवा चिंचेचा पाक ओतला तर आम्लामुळे लोह उतरते, लेप काळपट होतो, चवीत धातूचा कस येतो आणि वर्षानुवर्षे तव्याला मुरलेले तेलही निघते. मी हे स्वतः करून बसलो आहे आणि आईने तो तवा पुन्हा कामाला आणेपर्यंत घरात त्याविषयी रोज एकदा बोलणे झाले. मासा बिडाच्या तव्यावर भाजावा, मात्र पाक लावण्यासाठी तो स्टीलच्या किंवा नॉनस्टिक पॅनमध्ये न्यावा.

आता मतभेद. आगळाने पाकाला गडद, काळसर लाल रंग येतो आणि तुमच्या मुलीला हॉटेलातला तांबूस, पारदर्शक लेप आवडलेला आहे. मुले आधी डोळ्यांनी जेवतात. माझ्या घरी मी तीन मोठे चमचे साखर, दोन मोठे चमचे उसाचे व्हिनेगर, एक लहान चमचा सोया सॉस, लसूण आणि पाऊण वाटी पाणी घेतो. साखर, पाणी, सोया सॉस आणि लसूण उकळले की एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून त्यात सोडतो, ते पारदर्शक झाले की आच बंद करतो आणि मगच व्हिनेगर घालतो. व्हिनेगर आधी घालून खूप वेळ उकळले तर कॉर्नफ्लोअरचा दाटपणा मोडतो आणि पाक पुन्हा पातळ होतो. पुष्कळांचा ‘घट्टच होत नाही’ हा घोळ तिथला असतो. यात आटवण्याची वाट पाहावी लागत नाही, चार मिनिटांत काम होते. चव आगळ-गुळाइतकी खोल नसते, हे मान्य करतो. कैरीच्या दिवसांत मात्र घरात मेथांबा असेल तर दोन चमचे मेथांबा पाण्यात सैल करून, गाळून तोच वापरावा. गूळ, आंबट आणि तिखट सगळे त्यात आधीच आहे आणि मेथीचा किंचित कडूपणा माशाला शोभतो.

ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, असेल तर तवाही नको. तुकड्यांना तेलाचा हात लावून २०० अंशांवर आठ मिनिटे भाजावे, बाहेर काढून पाक लावावा आणि आणखी तीन-चार मिनिटे आत ठेवावे. त्या वेळात भाताचा कुकर उघडता येतो. मासा झाला की नाही हे काट्याने सर्वांत जाड भागात पाहावे; पाकळ्या सुटू लागल्या आणि आतली काचेसारखी झाक गेली की तो झाला. घरात अन्नाचा थर्मामीटर असेल तर ६३ अंश हा आकडा लक्षात ठेवावा.

पारशी कॉलनीचे शेजारी यांचे उत्तर

सासूबाईंच्या मुद्द्यावर कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. आमचे घर दादरच्या पारशी कॉलनीला लागून आहे आणि लहानपणापासून शेजारच्या घरातून ‘सास नी मच्छी’ येत असे. त्यात पापलेट पांढऱ्या, दाटसर रश्शात असतो, आणि त्या रश्शाला अंडी, व्हिनेगर आणि साखर यांनी जी चव येते तिला ते लोक ‘खाटू-मीठू’ म्हणतात. लग्नाच्या जेवणातही तो मानाने वाढला जातो. तेव्हा माशात गोड घालणे ही मुंबईला नवी गोष्ट नाही, एवढे त्यांना सांगून पाहावे. माझ्या आईला मी हे चाळीस वर्षे सांगत आलो आहे आणि तिने अजून मान्य केलेले नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

त्यांच्या मधुमेहाचा विचार मात्र गंभीरपणे करावा. साखरेऐवजी गूळ किंवा काकवी घातली म्हणजे पदार्थ मधुमेहींना चालतो, हा आपल्याकडचा फार पसरलेला गैरसमज आहे. रक्तातली साखर गुळानेही तशीच वाढते. वर दिलेल्या मापात ४५ ग्रॅम गूळ चार तुकड्यांवर जातो, म्हणजे एका तुकडीबरोबर साधारण अकरा ग्रॅम, चहाचे दोन चमचे साखर खाल्ल्यासारखे. पण पाक शेवटीच लावायचा असल्याने तुमचा प्रश्न आपोआप सुटतो. हळद-मीठ लावून भाजलेल्या तुकड्यांपैकी त्यांची तुकडी पाक घालण्यापूर्वी बाजूला काढावी आणि तिच्यावर थोडे तिखट भुरभुरून लिंबू पिळावे. वेगळा स्वयंपाक नाही आणि त्यांचा मासा मासाच राहतो.

बरोबर काय वाढावे, हे तुम्ही विचारले नाही, तरी एक सुचवतो. त्या दिवशी सोलकढी करू नये, कारण आंबटावर आंबट होऊन दोन्हींची चव मारली जाते. साधा वाफाळता भात, काकडीची कोशिंबीर आणि मासा काढल्यावर त्याच पॅनमध्ये परतलेली फरसबी एवढे पुरते. पॅनला चिकटलेला पाक फरसबी पुसून घेते आणि भांडे घासणाऱ्या बाईंचा रोषही ओढवत नाही.

कांदिवली स्लो

सर्वांचे मनापासून आभार. काल शुक्रवारी करून पाहिला आणि तो जमला, म्हणून सविस्तर कळवते.

रावसाचा मधला भाग आदल्या दिवशीच सांगून ठेवला होता. खारफुटी यांनी सांगितलेले शब्द जसेच्या तसे बोलले, तेव्हा कोळणीने माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिले आणि कधी नव्हे ती न मागता दोन मांदेली वर टाकली. घरी आल्यावर सात वीसला मीठ-हळद लावली, कुकर लावला, गुळाचा पाक चढवला आणि साडेसातला तुकड्या टिपायला घेतल्या. टिपताना कापड दोनदा बदलावे लागले इतके पाणी त्यात होते. हेच पाणी मागच्या वेळी तव्यात गेले असणार. चार मिनिटे तुकडीला हात लावायचा नाही, हे मला सर्वांत जड गेले. तिसऱ्या मिनिटाला एकदा उचलून पाहिलीच, तेव्हा ती चिकटलेली होती. चौथ्या मिनिटाला खरोखरच आपणहून सुटली.

आगळ आणि व्हिनेगर यांच्या वादात मी मध्यम मार्ग काढला. गुळाच्या पाकात एकच चमचा आगळ घातले आणि आच बंद केल्यावर एक चमचा व्हिनेगर. रंग गडद मधासारखा आला आणि मुलीने तो हॉटेलातल्यासारखा आहे असा निर्वाळा दिला, जरी चवीला तो मला हॉटेलपेक्षा वरचढ वाटला. धाकट्याला तिखट लागले, त्यामुळे पुढच्या वेळी काश्मिरी तिखट निम्मे करीन. आठ वाजून दहा मिनिटांनी पाने मांडली होती.

सासूबाईंची तुकडी सांगितल्याप्रमाणे आधीच काढून ठेवली होती आणि त्यांनी ती काही न बोलता संपवली. नंतर नातवाच्या ताटातला पाकाचा एक कण बोटावर घेऊन चाखला आणि म्हणाल्या, “चिंचगुळाची आमटी माशाला नेसवलीस होय!” हे कौतुक होते की टोमणा, याचा उलगडा अजून झालेला नाही, पण पुढच्या बुधवारी रावस आणणार आहेस का, असे त्यांनीच आज सकाळी विचारले.

एक अडचण मात्र उरली. यांना यायला सव्वानऊ होतात. त्यांची तुकडी पॅनमध्येच झाकून ठेवली होती. तोपर्यंत पाक ताणला तर तार येईल इतका चिवट झाला आणि मायक्रोवेव्हमध्ये गरम केल्यावर मासा रबरासारखा लागला. उशिरा जेवणाऱ्यासाठी काय करावे?

निवांत स्वयंपाकी

जमले हे वाचून फार आनंद झाला. मध्यम मार्गाचे तुमचे माप मी स्वतः करून पाहणार आहे.

उशिरा येणाऱ्याची तुकडी पाकात घालूच नये. तिला पहिल्या बाजूने चार मिनिटे आणि दुसऱ्या बाजूने दोनच मिनिटे भाजून ताटलीत उघडी ठेवावी. झाकली तर वाफेने तिचे कवच मऊ पडते. तिच्या वाटणीचा पाक वाटीत वेगळा काढावा. तो घट्ट होणारच, त्याला इलाज दोन चमचे गरम पाण्याचा. माणूस हातपाय धुऊन येईपर्यंत पॅन तापवून तुकडी अर्धे-अर्धे मिनिट दोन्ही बाजूंनी गरम करावी, सैल केलेला पाक ओतावा आणि ती एकदा जाड भागात काट्याने उघडून पाहावी. आत अजून काचेसारखी झाक दिसली तर झाकण ठेवून मिनिटभर थांबावे. दीड-दोन तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर तुकडी बाहेर न ठेवता फ्रीजमध्ये ठेवावी.

मायक्रोवेव्ह या पदार्थासाठी वापरू नये. पाकातली साखर फार लवकर तापते, तिच्या खालचा मासा आधीच शिजलेला असतो, आणि मग तुम्ही म्हणता तसे रबर होते. ती मांदेली कशी केलीत, हे मात्र तुम्ही लिहिले नाही.

कांदिवली स्लो

मांदेली सासूबाईंनी स्वतः तळली, रव्यात घोळवून, आणि त्या ताटाकडे पाकाचा चमचा फिरकूही दिला नाही. बुधवारी वाटीत पाक वेगळा ठेवून पाहते आणि कळवते.